बेटावरील धावपट्टी

अरबी समुद्रात, कोचीपासून सुमारे ४६० किलोमीटरांवर, लक्षद्वीपातील अगत्ती हे चिंचोळे प्रवाळबेट आहे. तेथील विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला. धावपट्टी सुमारे १,२०० मीटर लांब, तिच्यापुढे समुद्र. जबलपूरच्या डुमना विमानतळाची धावपट्टी वाढविता आली, कारण तेथे भूमी होती. अगत्तीस ती सोय नाही.

विमानास वर उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भार अधिक असेल तर उड्डाणास अधिक वेग हवा, आणि तो गाठण्यास अधिक लांब धावपट्टी हवी. उष्ण हवा विरळ असते. तीत हे अंतर आणखी वाढते. म्हणून अगत्तीस प्रोपेलरची लहान विमानेच उतरतात व त्यांचा भारही मर्यादित ठेवावा लागतो.

धावपट्टी समुद्रात वाढवावी, तर प्रवाळावर भराव पडतो. आणि लाटांचा मारा अडवून बेटाचे रक्षण करते ती प्रवाळभित्तीच. उलटपक्षी, जहाजाच्या प्रवासास लागणारे अनेक तास अत्यवस्थ रुग्णापाशी नसतात. येथे धावपट्टीची लांबी ठरविताना विमानाच्या गणिताबरोबर बेटाच्या आयुष्याचेही गणित मांडावे लागते.