नाचणी, मोहरी आणि घंटागाडी

मूठभर नाचणी आणि मूठभर मोहरी एका ताटात घ्या आणि त्यांवरून हात फिरवा. दहा सेकंदांत दोन्ही धान्ये एकजीव होतील. आता घड्याळ लावून ती पुन्हा वेगळी करायला बसा. (आधी आईला विचारा. आमच्या घरी या प्रयोगानंतर आठवडाभर फोडणीत नाचणी पडत होती!)

मिसळणे सोपे आणि निवडणे अवघड का? दाणे मिसळलेले राहतील अशा मांडण्या असंख्य असतात. सगळी नाचणी डावीकडे आणि सगळी मोहरी उजवीकडे अशा मांडण्या त्या मानाने नगण्य. म्हणून हात कसाही फिरवला तरी मिश्रणच होते. या अव्यवस्थेच्या मापाला भौतिकशास्त्रात एंट्रॉपी म्हणतात. मिसळलेले पुन्हा वेगळे करायचे, तर श्रम किंवा ऊर्जा खर्ची घालावीच लागते.

आता घरातली कचऱ्याची बादली पाहा. चहाचा चोथा, कांद्याची साले, वर्तमानपत्र, चिक्कीवरचे प्लास्टिक, फुटका पेला. वस्तू हातात असते तेव्हा ती कशाची आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्या क्षणी ती या डब्याऐवजी त्या डब्यात टाकायला जादा श्रम पडत नाहीत. सगळे एकाच बादलीत गेले की ही माहिती हरवते, आणि ती परत मिळवायला दुसऱ्या कोणाला तरी त्यात हात घालावा लागतो.

यंत्रे हे काम करू शकत नाहीत का? काही प्रमाणात करतात. लोखंड लोहचुंबक उचलतो. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि तिचे झाकण बादलीभर पाण्यात टाका. बाटलीच्या प्लास्टिकची घनता सुमारे १.३८, म्हणून तुकडा बुडतो. झाकणाची एकापेक्षा कमी, म्हणून ते तरंगते. पण आमटीने माखलेल्या कागदाला असा गुणधर्म उरत नाही. तो रद्दीतूनही बाद होतो.

काचेचे उदाहरण तर आपल्या मावळातलेच आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. तिला लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. वाळू, सोडा आणि चुनखडी सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवून काच बनते. त्या मालात फुटकी काच मिसळली, तर दर १० टक्क्यांमागे भट्टीची ऊर्जा सुमारे अडीच ते तीन टक्क्यांनी वाचते. मात्र त्यात चिनी मातीच्या फुटक्या कपाचा तुकडा गेला, तर तो त्या तापमानाला वितळत नाही. नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तिथेच तडकू शकते.

म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरातच करायला सांगितले. या धोरणाला विरोध करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या इमारतीच्या सभेतही सर्वांनी हात वर केले होते, मीही. पुढच्याच आठवड्यात मी फुटलेला बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकला. कचरा नेणाऱ्या बाईंचे बोट कापले. त्या काही बोलल्या नाहीत; पदराची चिंधी बांधून पुढच्या मजल्यावर गेल्या.

पाठिंबा मोजायचा, तर वर केलेले हात मोजून भागत नाही. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेच्या साथीने दारोदार कचरा गोळा करू लागली. त्यासाठी घरागणिक दरमहा शुल्क ठरले. पैसाफंडातल्या पैशासारखेच हे मोजता येते: कोणी दिले, कोणी नाही. लोणावळा शहर स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत २०२० साली देशात तिसरे आणि २०२१ साली दुसरे आले. हे अभिमानाचेच आहे. तरी पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणावर कणीस खाणाऱ्या पाहुण्याचा डबा लोणावळ्यातल्या कोणत्याच घरात नसतो, हेही ध्यानात ठेवा.

आता एक पाहणी करा. ओळखीच्या दहा घरी विचारा: कचरा वेगळा करावा, हे तुम्हाला पटते का? 'हो' किती आले ते लिहा. मग घरच्यांच्या परवानगीने बादल्या पाहा आणि खरोखर वेगळा कचरा किती घरांत आहे, ते शेजारी लिहा. दोन आकड्यांत फरक पडला तर आणखी एक प्रश्न विचारा: आपण वेगळा दिलेला कचरा घंटागाडीत पुन्हा एकत्रच होतो, असे तुम्हाला वाटते का? या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्यांच्या घरी किती डबे आहेत, ते पाहा. आणि एकदा सकाळी लवकर उठून घंटागाडीतही डोकावून या.