आगीचा बंब येण्यापूर्वी

ट्रस्टच्या चिटणीसांनी या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा त्यांची अट एकच होती : घरातल्या थोरामोठ्यांना व मुलांना उपयोगी पडेल असे काही लिहा. आम्ही पडलो शाळामास्तर. आमच्या लेखणीतून जे उतरेल ते धड्याच्याच वळणाचे असणार, हे वाचकांनी आधीच धरून चालावे. विषय घेतला आहे अग्निशामक दलाचा. मात्र बंब आल्यावर जवान काय करतात हे आम्ही सांगणार नाही; बंब निघण्याची वेळच येऊ नये म्हणून ते दल कोणाकोणाला हाताशी धरून काम करते, हे सांगणार आहोत.

आपल्या भाषेत 'बंब' या शब्दाची मोठी गंमत आहे. आमच्या नानीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी. रस्त्याने घंटा वाजवीत जातो तोही बंबच. याच्या पोटात पाणी आणि विस्तव बाहेर. लहानपणी आम्हांला वाटे की हा दुसरा बंब आला म्हणजे आग विझलीच. ती समजूत पुढे पुष्कळ वर्षे टिकली आणि ज्या दिवशी गेली तो दिवस आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हा आम्ही एका शाळेत नोकरीला होतो. वार्षिक स्नेहसंमेलन होते. सभागृहात चारशेच्या आसपास मुले, शिवाय पालक. मागच्या दाराने बाहेरची उनाड पोरे आत घुसत होती, म्हणून त्या दाराला आम्ही स्वतःच्या हाताने कुलूप लावले. नाटकाच्या दुसऱ्या प्रवेशात दिव्याची वायर तापली आणि रंगमंचाच्या पडद्याने पेट घेतला. शाळेचा शिपाई शहाणा माणूस. त्याने आधी मेन स्विच बंद केला, मग पडदा ओढून खाली पाडला आणि वाळूच्या बादल्या त्यावर ओतल्या. आग पाच मिनिटांत विझली. पण त्या पाच मिनिटांत सगळी मुले पुढच्या एका दाराकडे धावली आणि त्या चेंगराचेंगरीत पाचवीतल्या एका मुलीचे मनगट मोडले. कुलपाची किल्ली आमच्या कोटाच्या खिशात होती आणि कोट शिक्षकांच्या खोलीत खुंटीला. बंब आला तेव्हा विझवायला काही उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे वडील आले. रागावले नाहीत. एवढेच विचारले, "सर, किल्ली कुठं होती?"

अग्निशामक दलाकडे आमचे लक्ष गेले ते या प्रश्नामुळे. दलाचे जे अधिकारी पाहणीला आले होते त्यांना आम्ही पुढे मुद्दाम भेटलो. ते म्हणाले, "आम्हाला फोन आल्यावर आम्ही निघतो. त्याच्या आधीची सगळी वेळ तुमच्या हातातली." विचार केला तर यात शास्त्रच आहे. आगीला तीन गोष्टी लागतात : जळणारा पदार्थ, प्राणवायू आणि उष्णता. तिन्हींपैकी एक काढून घेतली की आग मरते. पहिल्या मिनिटात हे काम एक ओले गोणपाट किंवा वाळूची बादली करते. दहाव्या मिनिटाला चार बंबही अपुरे पडतात. आणि पहिल्या मिनिटाला तेथे जवान नसतो. गृहिणी असते, शिपाई असतो, दुकानातला पोरगा असतो.

अनेकांनी मिळून करावयाचे काम एकमेकांशी जोडलेले नसले की काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' नावाचे जहाज उभे होते. कराचीहून दोन दिवसांपूर्वीच आलेले. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, आणि त्यांच्याच वरखाली कापसाच्या हजारो गाठी! स्फोटके असलेल्या जहाजावर लाल निशाण असावयास हवे, ते लावलेले नव्हते. दुपारी खालच्या भागातून धूर दिसू लागला. तो इतरांच्या नजरेस आधीच पडला होता, तरी बंबांना बोलावणे दोन वाजून गेल्यावर गेले. मग जहाजाचे कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे लष्करी जाणकार आणि अग्निशामक दलाचे प्रमुख असे सगळे जमले. जहाज बाहेर ओढून न्यावे, बुडवावे, की जागच्या जागी पाणी मारीत राहावे? जो तो आपापल्या अधिकारापुरते बोलला. सर्वांच्या वतीने शेवटचा शब्द टाकणारा कोणी निघाला नाही. जवान पाणी मारीत राहिले. आतले पाणी चढले तसा जळता कापूस त्यावर तरंगत वर वर, स्फोटकांच्या जवळ गेला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि २० तारखेपर्यंत सप्ताह करतात, तो यांच्याच स्मरणार्थ. आम्ही हा प्रसंग वर्गात सांगतो तेव्हा मुले सोन्याविषयी विचारतात, कारण त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. आम्ही त्यांना लाल निशाणाकडे परत आणतो. ज्या जवानाला आत जावयाचे आहे त्याला आत काय भरले आहे हे कोणी सांगितले नाही, तर त्याच्या शौर्याचा उपयोग किती?

'आत काय आहे' हे आधीच जाणून घेण्याची पद्धत इंग्लंडमध्ये कशी वाढली, ते पाहण्यासारखे आहे. तेथे २००४ साली झालेल्या कायद्याने अग्निसुरक्षेचा प्रसार करणे हे दलाचे कर्तव्यच ठरविले. केवळ आग विझविणे पुरेसे राहिले नाही. जवान गणवेशात घरी येतात, चहा घेतात, घर पाहतात आणि छताला धुराची सूचना देणारी घंटी बसवून जातात. १९८८ च्या सुमारास तेथे शंभरांतल्या जेमतेम आठ घरी अशी घंटी होती. वीस वर्षांत ती बहुतेक घरांत गेली. पण आम्हांला विशेष वाटते ते निराळेच. कोणत्या घरी आधी जावे, हे दलाला कसे कळते? आग लागून मरणाऱ्यांत एकटे राहणारे वृद्ध, अपंग, बिछान्यात सिगारेट ओढणारे यांचा भरणा मोठा. ही माणसे दलाला ठाऊक नसतात. ती ठाऊक असतात घरी जाणाऱ्या परिचारिकेला, डॉक्टरला, वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थेला. म्हणून २०१५ साली तेथील आरोग्यसेवा, अग्निशामक दले आणि वृद्धांची संस्था यांनी एकत्र येऊन अशा भेटी मिळून करण्याचे ठरविले. श्वासासाठी घरी प्राणवायूची नळकांडी लागणाऱ्यांची माहिती पुरवठादार दलाला कळवितो. कातडीच्या रोगावर लावण्याची मलमे कपड्यांत आणि चादरींत मुरतात व ठिणगी पडताच भडका उडतो, हे दलाने परिचारिकांना शिकविले. उलट जवान घरी गेला आणि म्हातारीच्या घरात शेगडी नाही, ती थंडीने काकडते आहे, असे त्याला दिसले तर तो आरोग्यखात्याला कळवितो. असे हे देणेघेणे आहे.

तेथे सगळे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे गेली. भिंतींना बाहेरून लावलेले आच्छादनच पेटले होते. तेथील रहिवाशांच्या एका गटाने आगीच्या धोक्याविषयी आधीच लेखी इशारे दिले होते. दल, नगरपालिका, ठेकेदार सगळे होते. ज्याच्या घराला आग लागावयाची तो भाडेकरू मात्र कोणाच्या बैठकीत नव्हता. आमच्या मते भागीदारीची पहिली खुर्ची त्याची असावी.

आपल्या कर्नाटकात ती खुर्ची दुःखातून निर्माण झाली. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळूरच्या कार्लटन टॉवर्स या इमारतीत विजेच्या तारांच्या उभ्या पोकळीतून धूर वर चढला आणि नऊ जण मरण पावले. काहींनी खिडक्या फोडून उड्या टाकल्या. मृतांच्या आप्तांनी 'बियाँड कार्लटन' नावाची संस्था काढली. तिच्या संस्थापकांत त्या दिवशी तरुण मुलगा गमावलेले एक वडीलही आहेत. न्याय मागून ही माणसे थांबली नाहीत. अग्निशामक खात्याबरोबर लोकांना जागे करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. अशा बापासमोर कोणत्या व्यवस्थापकाला 'बघू, करू' म्हणता येईल?

शाळेपुरते बोलायचे तर कुंभकोणमचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. १६ जुलै २००४ रोजी तेथील शाळेत स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले जळून गेली. त्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निर्णय दिला की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. शाळेत आग विझविण्याची साधने असावीत आणि ती वापरण्याचे शिक्षण शिक्षकांना मिळावे. म्हणजे मास्तरही कायद्याने या कामात आले. दरवर्षी सप्ताहात दलाचे जवान आमच्या शाळेत येतात. मुलांना त्यांच्या शिरस्त्राणाचे आकर्षण अधिक, हे खरे. पण धूर झाला तर वाकून, जमिनीलगत सरपटत जावे, कारण स्वच्छ हवा खाली असते, हे एकदा प्रत्यक्ष करविले की मूल ते विसरत नाही. घरी जाऊन आजीलाही सरपटायला लावते, अशी तक्रार आमच्याकडे आलेली आहे.

आता आपल्या बेळगावच्या गल्ल्यांकडे वळू. येथे दलाचे सोबती कोण? पहिला, गॅसची टाकी आणणारा. शेगडीची नळी पाच वर्षांनी बदलावी, हे त्याला ठाऊक असते. आपण त्याला दारातूनच परत पाठवितो. हा वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीवर साचतो. वास आला तर दारे-खिडक्या उघडा, टाकीचा खटका बंद करा, पण विजेचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. दुसरा, वायरमन. एका प्लगात चार यंत्रे बसवून देणारा वायरमन आपल्याला स्वस्त वाटतो. तिसरा, मांडव घालणारा. गणेशोत्सवाचा मांडव असो की उरुसाचा. कापड तेच, दिव्यांच्या माळा त्याच, आणि रस्ता इतका अडलेला की बंब आत शिरणार नाही, ही अडचणही तीच. आमच्या मोहल्ल्यातल्या पंचांना आणि शेजारच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना आम्ही एकाच बैठकीला बोलावून हे सांगितले होते. दोघांनीही आधी एकमेकांच्या मांडवाकडे बोट दाखविले. शेवटी दोघांनी दोरी घेऊन रस्त्याची रुंदी मोजली.

चौथा सोबती डॉक्टर. भाजलेल्या जागेवर शाई, हळद, दात घासण्याची पेस्ट यांचे लेप घेऊन माणसे दवाखान्यात येतात. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ नको, लेप नको. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल घरभर उडते. शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावे. पातळाचा पदर किंवा ओढणी शेगडीशी उभे राहताना खोचून घ्यावी, हे आमच्या घरात आमची अम्मी सुनांना सांगे, आता सुना आम्हां पुरुषांना लुंगीबद्दल सांगतात.

लेख येथवर आणला तो एका कारणासाठी. गेल्या वर्धापनदिनाच्या समारंभात आम्ही ट्रस्टच्या सभागृहाच्या मागच्या बाजूस बसलो होतो. मागच्या दाराला कुलूप नव्हते, ही समाधानाची गोष्ट. परंतु दारापुढे खुर्च्यांची थप्पी होती; आम्ही मोजल्या, छत्तीस भरल्या. भिंतीवरच्या आग विझविण्याच्या नळकांड्याची मुदत संपलेली होती आणि ते कसे वापरावे हे शेजारी बसलेल्या कोणालाही सांगता आले नाही. पिन ओढावी, नळी आगीच्या बुडाशी रोखावी, खटका दाबावा आणि एका बाजूकडून दुसरीकडे फिरवीत जावे. एवढेच ते आहे. पण हाताने एकदा केल्यावाचून ते ऐनवेळी आठवत नाही.

चिटणीसांपाशी आम्ही हे सारे बोललो. त्यांनी खुर्च्या त्याच संध्याकाळी हलविल्या आणि दलाच्या अधिकाऱ्यांना पत्रही धाडले. येत्या १४ एप्रिलला सकाळी दहा वाजता सभागृहात कवायत ठेवली आहे. गॅसच्या एजन्सीचा माणूस, मांडववाले आणि आपले डॉक्टर यांनाही बोलावणे गेले आहे. सभासदांनी घरच्या मंडळींसह यावे; विशेषतः ज्यांच्या घरी स्वयंपाक त्या करतात, त्या भगिनींनी. मागच्या दाराची एक किल्ली आता दाराशेजारीच काचेच्या पेटीत टांगली आहे, ती कुठे आहे हे प्रत्येक मुलाला त्या दिवशी दाखवून ठेवू.