परदेशी अभ्यासक्रम : नुसते पाहू नका, प्रश्न विचारा



नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठासारख्या परदेशी संस्थांचे अभ्यासक्रम आता घरबसल्या मोबाईलवर पाहता येतात. हरितगृहात ढोबळी मिरची घेणाऱ्यांना ते उपयोगी पडतात. परंतु नुसते पाहून शिक्षण पुरे होत नाही. शंका विचारली, चर्चा केली, तरच ते शेतात उतरते.

हा अनुभव जुना आहे. कॅनडात १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकत, चर्चा करीत व आपली मते लिहून पाठवीत. त्याच धर्तीवर १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोता मंडळे चालविली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांतील शेतकऱ्यांच्या ज्ञानात बरीच अधिक भर पडल्याचे पाहणीत दिसून आले.

आज हेच काम पुढीलप्रमाणे करावे.

१) गट : एकच पीक घेणाऱ्या ८ ते १० जणांनी धडा एकत्र पाहावा. एकाने टिपण ठेवावे.

२) वेळ : नेदरलँड्समध्ये दुपारचे २ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात सायंकाळचे साडेसहा व उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. थेट वर्गाला बसणे जमत नसल्यास प्रश्न आधीच लिहून पाठवावा.

३) सामाईक तक्ता : सर्वांना मोबाईलवर भरता येईल अशा तक्त्यात रोजचे कमाल-किमान तापमान, आर्द्रता व दिलेले पाणी नोंदवावे. परदेशातील सहाध्यायीही त्यात आपल्या नोंदी भरू शकतो. आकडे शेजारी-शेजारी आले की चर्चेला विषय मिळतो.

४) प्रश्न : ‘मिरची नीट येत नाही’ एवढ्याने उत्तर मिळत नाही. वाण, लागवडीची तारीख, तापमान आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्यावेत. इंग्रजीची अडचण असल्यास प्रश्न मराठीत लिहून मोबाईलवर भाषांतर करावे. आकडे व मापे मात्र स्वतः तपासावीत.

५) पडताळणी : तिकडच्या काचगृहात हिवाळ्यात ऊब राखण्याची चिंता, तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उष्णता बाहेर काढण्याची. म्हणून तिकडचा सल्ला आधी एकाच वाफ्यावर अजमावावा. तिकडे सुचविलेले औषध आपल्याकडे त्या पिकासाठी शिफारस केलेले आहे का, हे कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय फवारू नये.

आपल्या वाफ्यावर काय घडले, तेही वर्गाला कळवावे. कडक उन्हाळ्यात पीक कसे सांभाळावे, हे तुमच्याकडूनही इतरांना शिकता येईल.