डायपरचं पुरळ : घरी काय करावं, डॉक्टरांकडे कधी जावं?

प्रश्न : माझी मुलगी 7 महिन्यांची आहे. डायपरच्या जागी लाल पुरळ उठलंय. पावडर लावू का?

उत्तर : पावडर नको, ती श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकते. लाली कुल्ल्यांवर, मांड्यांवर असेल आणि जांघेच्या घड्या स्वच्छ असतील, तर ते बहुधा ओलाव्याने झालेलं साधं पुरळ. कोमट पाण्याने धुवा, न घासता टिपून घ्या, थोडा वेळ उघडं ठेवा, मग झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. घड्यांतही गडद लाली आणि कडेने सुटे ठिपके दिसले, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम मुळीच लावू नका. 2-3 दिवसांत उतार पडला नाही तरीही दाखवा. ताप, फोड, पू किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.