लाल एरर परवडली, गप्प बसलेला चुकीचा ग्राफ नाही: मॅटप्लॉटलिब दुरुस्तीचा धडा

मागच्या भागात आपण गूगल कोलॅबमध्ये विक्रीची सीएसव्ही फाइल पांडाजने उघडली आणि मॅटप्लॉटलिबने पहिला ग्राफ काढला. आज दोन गोष्टी शिकायच्या. ग्राफ येतच नसेल तर काय बघायचं, आणि आलेला ग्राफ खरा आहे का हे कसं तपासायचं. कमांडचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, इथे मी उच्चार लिहितेय.

यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लाल एरर आली की काम थांबतं, बस्स. पण एरर न देता चुकीचा ग्राफ आला, तर त्याच्यावर विश्वास ठेवून आपण माल भरतो. दिवाळीचा माल उधारीवर उचलला आणि तो खपला नाही, तर पैसे आपलेच अडकतात.

आधी लाल एरर

एररचा मजकूर लांब असतो, पण घाबरायचं नाही. सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचा, नेमकं कारण तिथेच असतं. मग वर जाऊन बाण आपल्या कोणत्या ओळीकडे आहे ते बघा. नवशिक्यांना येणाऱ्या एरर बहुतेक या चारपैकीच असतात:

१. मॅटप्लॉटलिबमध्ये 'प्लॉट' नावाचं काही नाही, अशी अ‍ॅट्रिब्यूट एरर. तुम्ही नुसतं मॅटप्लॉटलिब इम्पोर्ट करून त्याला 'पीएलटी' नाव दिलंय. इम्पोर्ट करायचं असतं 'मॅटप्लॉटलिब डॉट पायप्लॉट'.

२. की एरर. कॉलमचं नाव जुळत नाही. डोळ्यांना 'सेल्स' दिसतं, पण फाइलमध्ये त्याच्यापुढे एक रिकामी जागा असते. कॉलमची यादी प्रिंट करा आणि सगळ्या नावांवर 'स्ट्रिप' चालवा.

३. एक्स आणि वाय यांचं फर्स्ट डायमेन्शन सारखं हवं, अशी व्हॅल्यू एरर. पुढे 12 आणि 11 असे आकडे दिसतील. म्हणजे महिने बारा दिलेत आणि विक्री अकराच महिन्यांची. राहिलेला महिना शोधा. एरर जावी म्हणून शून्य टाकून मोकळं होऊ नका. शून्य म्हणजे त्या महिन्यात काहीच विकलं नाही, असा अर्थ होतो.

४. 'स्ट्र ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल'. आधी कधीतरी तुम्ही 'टायटल'नंतर कंसाऐवजी बरोबरचं चिन्ह टाकलंय. त्यामुळे ती कमांड पुसली गेली आणि तिच्या जागी तुमचा मजकूर बसला. नुसती ओळ सुधारून भागत नाही. ओळ सुधारा, सेशन रीस्टार्ट करा आणि सगळं पहिल्यापासून चालवा.

आता एरर न देणाऱ्या चुका

समजा, एका कापड दुकानाची विक्री अशी आहे: एप्रिल 1,40,000, मे 1,62,000, जून 1,18,000, जुलै 96,000, ऑगस्ट 1,05,000, सप्टेंबर 1,01,000. लग्नसराई संपल्यावर विक्री उतरली आहे, हे आकडे वाचूनच कळतं. पण लाइन ग्राफ काढला तर रेषा खालून वर सरळ चढत जाऊ शकते! सहा महिने सलग वाढ. एरर काहीच नाही.

असं का होतं? आकड्यांमधल्या स्वल्पविरामांमुळे पांडाजने ते आकडे न समजता मजकूर म्हणून वाचले. मॅटप्लॉटलिबला मजकूर दिला की तो त्याला नावांची यादी समजतो. जे नाव आधी आलं ते खाली, त्यानंतरचं त्याच्या वर, मग त्याच्या वर. प्रत्येक महिन्याचा आकडा वेगळा, म्हणून प्रत्येक बिंदू एक पायरी वर. विक्री वाढो की पडो, रेषा चढतीच दिसणार.

ओळखायचं कसं? उभ्या अक्षावरचे आकडे वाचा. 1,62,000 च्या वर 1,18,000 आणि त्याच्याही वर 96,000 लिहिलेलं दिसलं की समजायचं, इथे आकड्यांचा मजकूर झालाय. 'डीटाइप्स' चालवून खात्री करा. विक्रीच्या कॉलमपुढे 'ऑब्जेक्ट' किंवा 'स्ट्र' आलं तर तो मजकूर आहे. 'इंट' किंवा 'फ्लोट' हवं.

उपाय सोपा आहे. 'रिप्लेस'ने स्वल्पविराम काढा, मग 'टू न्यूमेरिक'ने त्याचे आकडे करा. कोणी रकमेच्या जागी 'सुट्टी' किंवा 'बंद' लिहिलं असेल तर इथे एरर येईल. 'एरर्स'ला 'कोअर्स' दिलं तर ती जागा रिकामी होते आणि रेषा तिथे तुटते. पण किती जागा रिकाम्या झाल्या हे मोजून घ्या. एक-दोन सुट्ट्या ठीक. पंचवीस निघाल्या तर घोळ फाइलमध्ये आहे.

अशाच आणखी तीन गप्प चुका:

तारीख. आपण 05/04 लिहितो तेव्हा 5 एप्रिल म्हणतो. पांडाज मात्र साधारणपणे आधी महिना धरते, म्हणजे 4 मे. एप्रिलची विक्री मे महिन्यात जाऊन बसते. तारीख वाचताना 'डे फर्स्ट'ला 'ट्रू' द्या.

महिन्यांचा क्रम. महिन्याच्या इंग्रजी नावावर 'ग्रुपबाय' केलं की एबीसीडीप्रमाणे क्रम लागतो: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी. रेषा उगाच वरखाली नाचते. नावावर नको, खऱ्या तारखेवरून महिना काढून ग्रुप करा.

अक्षाची सुरुवात. बार ग्राफ साधारणपणे शून्यापासून सुरू होतो, लाइन ग्राफ होत नाही. विक्री 1,00,000 वरून 1,05,000 झाली, तर रेषा तळापासून टोकापर्यंत जाते आणि पाच टक्क्यांची वाढ डोंगरासारखी दिसते. 'वायलिम'मध्ये 'बॉटम' शून्य द्या, मग वाढ आहे तेवढीच दिसेल. भागीदाराला किंवा बँकेत ग्राफ दाखवणार असाल तर हे करायचंच.

मग सजावट

ग्राफ खरा आहे हे पटल्यावरच रंगरंगोटी. तीही समोरच्याला पटकन वाचता यावं एवढ्यासाठीच.

- विक्री दहा लाखांच्या पुढे गेली की अक्षाच्या टोकाला 'वन ई सिक्स' असं काहीतरी दिसतं. ती एरर नाही. खालचे आकडे दहा लाखाने गुणा, एवढाच त्याचा अर्थ. त्यापेक्षा विक्रीला एक लाखाने भागा आणि अक्षावर 'लाख रुपये' असं इंग्रजी अक्षरांत लिहा.
- इंग्रजी अक्षरांत का? मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे अक्षरांऐवजी चौकोन येतात. देवनागरी फॉन्ट दिला तरी जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी बिघडू शकते. मराठी मथळा हवा असेल तर चित्र सेव्ह करून मोबाइलवर टाका.
- मालाची नावं लांब असतील तर 'बार-एच' वापरा. आडव्या पट्ट्यांपुढे नावं सरळ वाचता येतात.
- सगळ्या पट्ट्या करड्या ठेवा, ज्या मालाबद्दल बोलायचंय तेवढीच रंगीत करा. सात रंग दिले की नजर कुठेच ठरत नाही.
- पट्टीच्या टोकाला आकडा हवा असेल तर 'बार लेबल' आहे. ते 3.4 किंवा त्यापुढच्या आवृत्तीतच चालतं.
- कडेची नावं कापली जात असतील तर 'टाइट लेआउट' द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर सेव्ह करताना 'डीपीआय' 200 ठेवा.
- सेव्ह केलेलं चित्र कोरं येतंय? 'सेव्हफिग' ही ओळ 'शो'च्या आधी घ्या. 'शो' झाल्यावर चित्र संपलेलं असतं, मग कोरा कागद सेव्ह होतो.

माल मागवण्याआधी तीन तपासण्या

एक, विक्रीच्या कॉलमची बेरीज करा आणि वहीतल्या किंवा बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या बेरजेशी जुळवा. बेरजेऐवजी सगळे आकडे एकमेकांना चिकटलेली लांबलचक ओळ आली, तर आकड्यांचा मजकूर झालाय.

दोन, ग्राफमधला सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालचा बिंदू निवडा. ते दोन महिने तुम्हाला आठवतात तसेच आहेत का? दुकानात तुम्ही उभे असता, गर्दी कधी होती हे तुम्हाला माहीत असतं. ग्राफ आणि आठवण यांचा मेळ बसत नसेल तर आधी फाइल तपासा.

तीन, उभा अक्ष कुठून सुरू होतो ते वाचा.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या सहा महिन्यांच्या विक्रीचा लाइन ग्राफ काढा, एकदा स्वल्पविराम ठेवून आणि एकदा काढून. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि स्वतःला विचारा, पहिला ग्राफ बघून मी किती माल भरला असता आणि दुसरा बघून किती? या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आजच्या धड्याची किंमत. ती रुपयांत लिहून ठेवा.

पुढच्या भागात याच फाइलमधून कोणता माल किती दिवस पडून राहतो ते काढू. तोपर्यंत फाइल स्वच्छ करून ठेवा!