कागदाची ताईसाहेब

जपानच्या पश्चिम भागात तोत्तोरी नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातील मोचिगासे ह्या गावाजवळून सेंदाई नदी वाहते. डोंगरातून उतरणारी ही नदी उत्तरेस जाऊन समुद्राला मिळते. जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे तिसऱ्या महिन्याचा तिसरा दिवस उजाडला, की ह्या नदीच्या काठी लहान मुलींची गर्दी जमते. त्यांच्या अंगात रंगीबेरंगी किमोनो असतात. प्रत्येकीच्या हातात गवताच्या काड्यांची विणलेली एक वाटोळी तबकडी असते. तबकडीवर कागदाच्या दोन चिमुकल्या बाहुल्या असतात, एक बाहुला आणि एक बाहुली. जवळच पीच वृक्षाच्या फुलांची डहाळी व मोहरीसारखी पिवळी फुले ठेवलेली असतात.

मुली पाण्याशी वाकतात व तबकडी अलगद प्रवाहात सोडतात. वर्षभर आपणांस आजार होऊ नये, आपण सुखरूप असावे, असे त्या मनात म्हणतात. तबकडी डोलत डोलत पुढे जाते. ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मुली काठावर उभ्या राहतात. स्वतःच्या हातात धरलेली सुंदर बाहुली अशी कायमची सोडून देणे सोपे नसते. मग ही प्रथा पडली तरी कशी?

तिचे मूळ फार जुने आहे. माणसाचा आजार, त्याचे दुर्दैव एखाद्या निर्जीव वस्तूवर उतरवता येते, अशी प्राचीन काळी जपानी लोकांची समजूत होती. ते कागदाची मनुष्याकृती कापत, ती अंगावरून फिरवत, तिच्यावर आपला श्वास फुंकत आणि मग तिला पाण्यात सोडून देत. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू ह्या राजदरबारातील विदुषीने ‘गेंजी मोनोगातारी’ नावाची प्रसिद्ध कादंबरी लिहिली. तिच्यात नायक समुद्रकिनारी जातो व एक मोठी बाहुली नावेत बसवून समुद्रात सोडवतो, असा प्रसंग आहे. त्याच ग्रंथात एक लहान मुलगी बाहुल्यांशी खेळण्यात रमून गेलेली दिसते. म्हणजे बाहुलीचे दोन्ही उपयोग, दुःख वाहून नेण्याचा आणि खेळण्याचा, जपानात हजार वर्षांपूर्वीही लोकांना ठाऊक होते.

त्या काळच्या आईबापांची भीती खोटी नव्हती. सन ७३५ ते ७३७ ह्या काळात जपानात देवीची भयंकर साथ आली आणि तिने असंख्य बळी घेतले. पुढेही शेकडो वर्षे देवीचा रोग पुनःपुन्हा येत राहिला. मूल तापाने फणफणले, की घरातील माणसांच्या हाती फारसे काही नसे. औषध ठाऊक नव्हते, रोगाचे कारण ठाऊक नव्हते. अशा वेळी कागदाची एक बाहुली करून ती नदीच्या हवाली करावी आणि ‘मुलाला सोड, हिला घेऊन जा’ असे मनोमन म्हणावे, एवढेच त्यांना सुचले.

कागदाच्या बाहुलीने रोग जात नाही, हे आज प्रत्येक शाळकरी मुलास माहीत आहे. देवीच्या रोगाला आळा घातला तो लसीने. ही लस १८४९ साली जपानात पोहोचली, आणि १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. तरीसुद्धा मोचिगासे येथील मुली अद्याप नदीत बाहुल्या सोडतात. त्या बाहुलीत औषधाचा गुण नाही. पण आपले मूल सुखरूप राहावे ही पूर्वजांची तळमळ तिच्यात साठवलेली आहे. नद्या व समुद्र घाण होऊ नयेत म्हणून काही ठिकाणी सोडलेल्या बाहुल्या नंतर पाण्यातून काढूनही घेतात. प्रथा जपावी आणि पाणीही जपावे, असा हा विचार आहे.

काळ पालटला तशी ह्या बाहुल्यांची रूपेही पालटली. तीन मार्च हा जपानात बाहुल्यांचा सण ठरला. श्रीमंत घरांत रेशमी वस्त्रे ल्यालेल्या राजाराणीच्या बाहुल्या लाल कापडाने झाकलेल्या पायऱ्यांवर मांडू लागले. ह्या बाहुल्या इतक्या मोठ्या आणि महाग होऊ लागल्या, की अठराव्या शतकात शासनाला त्यांच्या उंचीवर मर्यादा घालावी लागली. अशा बाहुल्या पाण्यात कोण सोडणार? त्या पेटीत जपून ठेवल्या जात आणि वर्षातून एकदाच बाहेर निघत. त्यांना हात लावून मनमुराद खेळणे शक्य नसे.

मग ज्या मुलींच्या घरी रेशमी बाहुल्या नव्हत्या, त्यांनी काय करावे? आणि ज्यांच्या घरी होत्या, त्यांनी तरी रोज कशाशी खेळावे? ह्या प्रश्नाचे उत्तर मुलींनी स्वतःच शोधले. घरात उरलेले नक्षीदार कागदाचे तुकडे त्यांनी गोळा केले आणि त्यांच्या बाहुल्या केल्या. ह्या बाहुल्यांना ‘आनेसामा’ म्हणतात. ‘आने’ म्हणजे थोरली बहीण व ‘सामा’ हा आदर दाखवणारा शब्द. मराठीत सांगायचे तर ‘ताईसाहेब’! घरातील थोरली बहीण केसांचा सुंदर अंबाडा घालून, किमोनो नेसून, कमरेला रुंद पट्टा बांधून उभी राहिली, की धाकटीला तिचे फार कौतुक वाटते. ते कौतुकच धाकटीने कागदात उतरवले.

आनेसामा बाहुलीचे एक वैशिष्ट्य प्रथम पाहणाऱ्यास चकित करते. तिला पुष्कळदा चेहराच नसतो. डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. केवळ पांढरा गोल. परंतु ही उणीव नव्हे. ज्या बाहुलीच्या ओठांवर हसू रंगवले आहे, ती सदा हसतच राहते. खेळात तिला ताप आला तरी ती हसते, तिची बाहुली मैत्रीण रुसून गेली तरी ती हसते. जिला चेहराच नाही, ती मात्र खेळणाऱ्या मुलीच्या मनाप्रमाणे हसते आणि रडतेही.

ह्या बाहुल्या टिकतात त्या जपानी कागदामुळे. हा कागद कोझो नावाच्या झुडपाच्या सालीपासून हाताने तयार करतात. कोझो हे तुतीच्या कुळातील झुडूप आहे. त्याची साल शिजवून, कुटून तिचे तंतू मोकळे करतात, ते पाण्यात कालवतात आणि बारीक जाळीच्या चौकटीने तो लगदा हलवत हलवत उचलतात. तंतू लांब असल्याने ते एकमेकांत गुंततात. त्यामुळे हा कागद पातळ असूनही चिवट होतो. चुरगाळला तरी तो सहसा फाटत नाही. कागद करण्याच्या ह्या हस्तकलेचा समावेश २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

तथापि आनेसामा करण्यासाठी जपानी कागदच हवा असे नाही. शाळेत मिळणारा घोटीव कागद, भेटवस्तूवरील नक्षीदार वेष्टन आणि जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पांढरा कागद एवढे साहित्य पुरेसे आहे. त्याशिवाय थोडा काळा कागद, बोथट टोकाची कात्री, पट्टी, पेन्सिल व मैद्याची खळ जवळ असावी.

प्रथम अंग तयार करावे. जाड पांढऱ्या कागदाची १२ सेंटिमीटर लांब व दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी. त्याच कागदाचा ३ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापून तो पट्टीच्या वरच्या टोकावर चिकटवावा. हे बाहुलीचे डोके व मान झाली.

नंतर केस करावेत. काळ्या कागदाचा ४ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापावा व तो डोक्याच्या मागे अशा रीतीने चिकटवावा, की वर आणि दोन्ही बाजूंना काळी कड दिसेल, पण हनुवटीखाली दिसणार नाही. काळ्या कागदाचा आणखी एक ३ सेंटिमीटरचा गोल घेऊन त्याचा सुमारे एकतृतीयांश भाग सरळ रेषेत कापावा. हा तुकडा कपाळावर बसवला, की पुढचे केस झाले. उरलेल्या कागदाची लहानशी गुंडाळी करून ती डोक्यावर चिकटवावी. हा अंबाडा होय.

आता किमोनो. नक्षीदार कागदाचा १० सेंटिमीटर रुंद व ११ सेंटिमीटर लांब तुकडा घ्यावा आणि नक्षी खाली येईल असा मेजावर ठेवावा. त्याचे वरचे दोन्ही कोपरे, प्रत्येकी ३ सेंटिमीटरचे, आतील बाजूस तिरके दुमडावेत. कागदाचा आकार घराच्या छपरासारखा दिसू लागेल. त्यावर मधोमध अंगाची पट्टी चिकटवावी. डोके कागदाच्या वर राहिले पाहिजे. मग दोन्ही बाजूंच्या कडा ३ सेंटिमीटर रुंदीने अंगावर दुमडाव्यात. तिरके दुमडलेले कोपरे गळ्यापाशी एकमेकांवर येतात आणि किमोनोचा गळा आपोआप तयार होतो.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आधी बाहुलीची उजवी बाजू दुमडावी आणि तिच्यावर डावी आणावी. जपानात स्त्री असो वा पुरुष, लहान असो वा थोर, किमोनोची डावी बाजू नेहमी वर असते. उजवी बाजू वर केवळ मृत व्यक्तीच्या वस्त्राची असते. कागदाच्या घडीतील एवढासा फरक, पण जाणत्या माणसाला तो लगेच खटकतो. दुसऱ्याच्या देशाची वस्तू करताना त्या देशाची रीत समजून घ्यावी, ती ह्यासाठीच.

बाह्यांसाठी त्याच कागदाचे ४ सेंटिमीटर रुंद व ६ सेंटिमीटर लांब असे दोन तुकडे घ्यावेत. ते उभे दुमडून खांद्यांच्या मागे किंचित तिरके चिकटवावेत. शेवटी वेगळ्या रंगाच्या कागदाची १० सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद पट्टी कमरेभोवती गुंडाळून मागे चिकटवावी. हा पट्टा म्हणजे ‘ओबी’. त्याच्या मागील बाजूस कागदाची छोटी गाठ लावली, की पाठीकडूनही बाहुली शोभून दिसते. खळ वाळेपर्यंत बाहुली वहीखाली दाबून ठेवावी. घाई केल्यास कागद वाकतो व बाहुलीला पोक येते.

बाहुली तयार झाली, की खेळ आरंभ होतो. काडेपेटीची पेटी होते, रुमालाचे अंथरूण होते, वहीचे घर होते. ताईसाहेब बाजारास जातात, पाहुण्यांना चहा देतात, धाकट्यांना रागे भरतात. खेळ संपला, की ती पुस्तकात पानाची खूण म्हणून राहते आणि धडा जेथे थांबला असेल तेथे निमूटपणे वाट पाहते. कधी तरी ती फाटते. त्याचे फार दुःख मानण्याचे कारण नाही. ज्या हातांनी एक बाहुली केली, ते हात दुसरीही करू शकतात. आणि दुसरी बहुधा पहिलीहून चांगली होते.

रेशमी बाहुली पैसे देऊन विकत घेता येते. कागदाची ताईसाहेब मात्र स्वतःच करावी लागते. आजारी मुलासाठी नदीकाठी बाहुली सोडणारी आई असो, की थोरल्या बहिणीचे रूप कागदात उतरवणारी धाकटी असो, दोघींनीही त्या तुकड्यात आपली माया घातली. म्हणूनच कागदाची किंमत काहीच नसली, तरी तिच्या बाहुलीला मोल येते.

अभ्यास

१. मोचिगासे येथील मुली नदीत बाहुल्या का सोडतात? ह्या प्रथेचे मूळ कोणत्या समजुतीत आहे?
२. देवीच्या रोगाला आळा कशाने बसला? मग ही प्रथा अद्याप का टिकून राहिली असावी?
३. ‘आनेसामा’ ह्या शब्दाचा अर्थ सांगा. ह्या बाहुलीला चेहरा नसणे ही उणीव का नव्हे?
४. किमोनोची कोणती बाजू वर असते? त्यावरून कोणता बोध घ्यावा?
५. ‘कागदाची किंमत काहीच नसली, तरी तिच्या बाहुलीला मोल येते.’ ‘किंमत’ व ‘मोल’ ह्या शब्दांतील फरक येथे कसा दिसतो, ते चारपाच वाक्यांत लिहा.
६. खालील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: मनोमन, निमूटपणे, मनमुराद, तळमळ.
७. धड्यातील कृती वाचून एक बाहुली तयार करा. ती करताना कोठे अडचण आली व ती कशी दूर केली, हे वर्गात सांगा.