कुंडींतील पाम आणि पाण्याचा निचरा

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं ओसरीवर, जिन्यापाशीं अथवा सज्जांत कुंडींत लाविलेलें एखादें पामचें झाड असतें. बहुधा तें अरेका पाम असतें. त्याचें मूळ वसतिस्थान मादागास्कर बेट; परंतु तें आपल्या नारळ-पोफळीच्याच कुळांतील असल्यानें परकें वाटत नाहीं. त्यास पाणी घालण्याचें काम पुष्कळदां घरांतील मुलांकडे सोंपविलेलें असतें. कांहीं महिन्यांनीं पानें पिवळीं पडूं लागतात, झावळ्या मलूल होऊन लोंबूं लागतात. 'झाड तहानेलें दिसतें' असें म्हणून आपण आणखी एक तांब्या पाणी ओततों; आणि ज्यास वांचवूं पाहतों, त्याचा अंत त्या तांब्यानेंच जवळ येतो. असें कां होतें व तें कसें टाळावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, मुळेंही श्वास घेतात. त्यांना लागणारा प्राणवायु मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. पाणी घातल्यावर या पोकळ्या भरतात. जास्त पाणी निथळून गेलें म्हणजे त्यांत पुन्हां हवा शिरते. यासच आपण निचरा म्हणतों. निचरा न झाल्यास पोकळ्या पाण्यानेंच भरून राहतात; आणि पाण्यांतून प्राणवायु हवेच्या मानानें सुमारें १०,००० पट सावकाश पसरतो. मग मुळें गुदमरतात, दुबळीं होतात व कुजविणाऱ्या बुरशींचें फावतें. कुजलेलें मूळ पाणी शोषूं शकत नाहीं. म्हणून सभोंवतीं पाणी असतांही झाड तहानेनें वाळतें. आणि अति पाण्याचें व अति कोरडेपणाचें लक्षण वरून सारखेंच दिसतें.

पामच्या बाबतींत ही गोष्ट विशेष जपण्यासारखी आहे. त्याला आंब्यासारखें सोटमूळ नसतें. खोडाच्या बुडापासून सारख्या जाडीचीं अनेक मुळें फुटतात. शिवाय प्रत्येक खोडाच्या शेंड्याला वाढीचा एकच कोंब असतो. तो मेला म्हणजे तें खोड पुन्हां फुटत नाहीं. म्हणून दुखणें वर दिसण्यापूर्वींच खालीं पाहावयास हवें.

तें कसें पाहावें? मातींत २ इंच बोट घालावें. वरची माती कोरडी, परंतु आंतील ओली व चिकट लागली, तर पाणी घालूं नये. आंबूस अथवा कुजकट वास येतो कीं काय, तें पाहावें. शंका उरल्यास झाड अलगद काढून मुळें तपासावीं. निरोगी मूळ टणक व फिकट रंगाचें असतें. कुजलेलें मूळ काळपट व लिबलिबीत होऊन त्याची साल बोटांनीं सहज निघून येते.

आतां एका प्रचलित समजुतीचा विचार करूं. कुंडीच्या तळाशीं खड्यांचा थर घातला म्हणजे पाणी चांगलें निथळतें, असें पुष्कळ लोक मानतात. ही समजूत कितपत खरी आहे, हें प्रत्येकानें घरीं पडताळून पाहावें. स्पंजाचा एक लांबट तुकडा पाण्यांत बुडवून बाहेर काढा व न पिळतां आडवा धरा. ठिबकणें थांबलें म्हणजे तोच तुकडा हळूच उभा धरा. पुन्हां पाणी ठिबकूं लागेल! स्पंज तोच, छिद्रें तींच. मग हें पाणी कोठून आलें?

याचें कारण केशाकर्षण. बारीक पोकळ्या पाण्यास धरून ठेवितात. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळींत पाणी सुमारें ३ सेंटिमीटर चढतें, आणि त्याच्या दशांश व्यासाच्या नळींत सुमारें ३० सेंटिमीटर. मातींतील पोकळ्याही अशाच बारीक असल्यामुळें प्रत्येक कुंडीच्या तळाशीं ठराविक उंचीचा एक ओला थर राहतोच. स्पंज आडवा असतां हा थर त्याचा बराच भाग व्यापतो. उभा धरिला म्हणजे थोडाच व्यापतो, आणि बाकीचें पाणी गळून जातें.

आतां तळाशीं ३ इंच खडे घातले तर काय होईल? बारीक पोकळ्यांत धरलेलें पाणी खड्यांमधील मोठ्या पोकळ्यांत सहजासहजीं उतरत नाहीं. ओला थर नाहींसा न होतां खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो. कुंडी मात्र विनाकारण ३ इंच उथळ होते. तेव्हां सुधारणा तळाची नव्हे, सबंध मातीची करावयास पाहिजे.

त्याची रीत अशी. चाळलेली लाल माती २ भाग, धुतलेली जाडी वाळू अथवा धूळ काढून टाकलेले हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे १ भाग, पूर्ण कुजलेलें पालापाचोळ्याचें खत १ भाग व नारळाच्या काथ्याचा भुसा १ भाग, हीं सर्व एकजीव करावीं. समुद्राची वाळू खारट असते. ती घेऊं नये. देशावरील काळी माती ओली असतां फुगते व वाळली असतां भेगाळते. ती कुंडीस योग्य नाहीं. तींत दोन मुठी वाळू मिसळून भागत नाहीं. कारण वाळूच्या कणांमधील जागा ती चिकट माती भरून काढते.

कुंडीच्या बुडाचीं छिद्रें मोकळीं असावींत. छिद्रावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवावा. तो माती अडविण्यापुरताच. नवी कुंडी जुनीपेक्षां २ इंचच रुंद घ्यावी. फार मोठ्या कुंडींतील माती दिवसानुदिवस ओली राहते. रोपवाटिकेंतून आणलेल्या झाडाच्या मुळांभोंवतीं पुष्कळदां चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो पाण्यांत भिजवून बाहेरची माती बोटांनीं सैल करावी. मुळें तोडूं नयेत. खोड पूर्वीं जितकें मातींत होतें तितकेंच ठेवावें. हें काम उबदार दिवसांत करावें, ऐन थंडींत करूं नये.

यापुढें पाणी घालावयाचें तें वार ठरवून नव्हे, तर बोटानें माती पाहून. मात्र घालूं तेव्हां तें तळांतून बाहेर येईपर्यंत घालावें. त्यायोगें मातींत सांचलेले क्षार धुऊन जातात. कुंडीच्या कडेस जमणारी पांढरी पुटें या क्षारांचींच असतात. खालच्या बशींतील पाणी अर्ध्या घटकेनें ओतून टाकावें. पावसाळ्यांत तर बशी काढूनच ठेवावी. तसें न केल्यास मुळें कुजतीलच, शिवाय डासांची पैदास होऊन घरांतील माणसांनाही त्रास होईल. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवल्यास छिद्रें मोकळीं राहतात.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलांना 'रोज पाणी घाल' असें न सांगतां 'रोज माती पाहा' असें सांगावें. रोज पाणी घालण्यास सवय पुरे. माती पाहून तें न घालण्यास विचार लागतो. हा विचार ज्या मुलाच्या अंगीं बाणेल, त्याच्या हातीं कोणतेंही रोप निःशंकपणें द्यावें.